घरट्याचा हात आणि खुडूक कोंबडी

राजा होता एक. त्याच्याकडे राजवाडा होता, हत्ती होते, घोडे होते. तोफसुद्धा होती, पण तिच्या तोंडात चिमण्यांनी घर केलेलं, म्हणून ती कुणी उडवत नसे. सगळं होतं, बरं का. पण राजाचं पोट भरायचं कशानं? टाळ्यांनी! जेवायला बसून पहिला घास घेतला, की शेजारी उभे असलेले हुजरे टाळ्या वाजवायचे. शिंकला की टाळ्या. जांभई दिली की टाळ्या. एकदा पायरीवरून घसरून पडला, तर काहींनी सवयीनं तेव्हाही वाजवल्या. राजा रागावला का? छे! उठून उभा राहिला आणि मान लववली. त्याचं खरं नाव काय होतं ते त्याच्या आईला ठाऊक. लोक आपले त्याला वाहवाराजा म्हणायचे.

विन्या, हसायचं तर हस, पण पांघरूण ओढू नकोस. कुमीचे पाय उघडे पडतायत.

तर मग काय झालं, सुगी आटोपली, कणग्या भरल्या, की हा राजा नगराबाहेरच्या मैदानात पट्ट्याचे खेळ भरवायचा. पट्टा म्हणजे तलवारच, पण लांब, आणि वेताच्या छडीसारखी लवलवणारी. मुठीच्या जागी लोखंडी हातमोजा असतो, त्यात कोपरापर्यंत हात घालायचा आणि फिरवायचा. नीट नाही फिरवला तर समोरच्याचं राहू दे, आपलंच नाक जातं.

खेळात सगळ्यांत नावाजलेला होता रायाजी. फेट्याला हा एवढा तुरा. तो माणसाच्या डोक्यावर लिंबू ठेवायचा आणि एका घावात लिंबाच्या दोन फोडी करायचा. मग पेटत्या कड्यातून उडी मारायचा. आणि मग एका पायावर भिंगरीसारखा गरगर फिरायचा, आणि थांबला की दोन्ही हात पसरून लोकांकडे बघायचा. आता वाजवा, असं. आणि लोक वाजवायचे! हात लाल होईपर्यंत वाजवायचे.

मैदानाच्या कडेला एक टेकडी होती. बोडकी, गवताची काडी नाही तिच्यावर. रायाजीला टाळ्या पडल्या की ती टेकडी हलायची. अगदी जराशी. आणि दरवर्षी मागल्या वर्षीपेक्षा थोडी उंच दिसायची. लोक म्हणायचे, बघा बघा, आपल्या महाराजांचे खेळ बघून टेकडीचासुद्धा ऊर भरून येतो. राजाला हे इतकं आवडलं, की त्यानं टेकडीला जरीचा शेला पांघरला. टेकडीला शेला! पण सांगणार कोण? सांगणाऱ्याला कुणी टाळ्या थोड्याच देतं!

आता तुम्ही म्हणाल, आजी, ही काय राजाचीच गोष्ट आहे होय? नाही रे बाळांनो. राजा आपला उगीच पुढे पुढे करतो. गोष्ट आहे गोजराची.

गोजरा राहायची घाटावर, आडखिंडीत. चार घरं, एक विहीर आणि एक तालीम. तालीम म्हणजे काय, कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर आणि खाली लाल माती. तालमीचे वस्ताद होते सुभानतात्या. ते गोजराचे चुलते. त्या तालमीत पट्ट्याचा एकच हात शिकवायचे. हात म्हणजे पट्टा फिरवायची ठरलेली रीत. कुठलं पाऊल कधी, कुठला वार कुठून, सगळं ठरलेलं, पिढ्यान्‌पिढ्या तसंच. त्या हाताचं नाव होतं घरटं.

आता मी आधीच सांगून टाकते, घरट्यात बघण्यासारखं काही नव्हतं. उडी नाही, गिरकी नाही. एका रिकाम्या जागेभोवती फिरायचं. दोन पावलं पुढे जायचं की मागे यायचं. मधेच खाली बसायचं आणि डोक्यावरून पट्टा फिरवायचा. आणि शेवटी शेवटी पट्ट्याचं टोक खाली करून नुसतं उभं राहायचं. बराच वेळ. बघणाऱ्याला वाटावं, ही बया झोपली की काय!

आणि त्या रिकाम्या जागेत काय ठेवायचं, सांगा बघू? खुडूक कोंबडी! अंड्यांवर बसलेली, टोपलीसकट. चहूकडून पट्टा सूं सूं करत फिरला पाहिजे आणि कोंबडीनं मान वर करता कामा नये. कोंबडी उठली की हात फुकट गेला.

आणखी एक नेम होता. बघणाऱ्यानं टाळी वाजवायची नाही. वाजलीच, तर करणाऱ्यानं हात पहिल्यापासून करायचा. अर्धा झालेला असो, शेवटाला आलेला असो, मधून उचलायचा नाही. पहिल्यापासून. का? तर टाळीनं कोंबडी बिचकते. असं तात्या सांगायचे. तात्यांना त्यांच्या वस्तादांनी असंच सांगितलेलं, आणि त्यांना त्यांच्या. कुणी दुसरं कारण विचारलं नव्हतं. हे ध्यानात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

गोजरा तान्ही होती तेव्हाच तिचे आईबाप देवाघरी गेले. तात्यांच्या घरात ना बाईमाणूस, ना पाळणा. मग ते काय करायचे? गोजराला टोपलीत घालायचे, टोपली तालमीत त्या मधल्या जागेत ठेवायचे आणि भोवती हात करायचे. गोजरा डोळे उघडायची तर वर पट्टा चकाकत फिरतोय. एकदाही भ्यायली नाही ती पोर. उलट पट्टा थांबला की रडायची. मोठी झाली तरी तिला त्या टोपलीतलं आठवायचं. तो सूं सूं आवाज कानात असला की जगात आपल्याला कुणी हात लावू शकत नाही, असं तिला वाटायचं. म्हणून ती तो हात शिकली, आणि असा शिकली की तात्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण तात्या टाळी वाजवायचे नाहीत, बरं का! नुसते नाक ओढायचे.

मग पुढे काय झालं, तालमीतली पोरं एकेक करून खाली नगरात गेली. तिथे रायाजी उड्या शिकवायचा. उड्यांना टाळ्या होत्या. इथे काय, कोंबडी! तात्यांचे गुडघे गेले. शेवटी तो हात पुरा येणारी एकटी गोजरा उरली. ती थांबली की घरटं संपलं. हे तिला माहीत होतं, आणि रात्रंदिवस तिच्या काळजाला तेच एक लागून राहिलेलं.

अशात एके दिवशी दवंडी आली. यंदा राज्यातल्या प्रत्येक तालमीनं मैदानात येऊन खेळ दाखवायचा. जी येणार नाही ती बंद. मग गोजरानं बैलगाडी जुंपली. तात्यांना मागे बसवलं आणि काळुंद्रीची टोपली त्यांच्या मांडीवर दिली. काळुंद्री म्हणजे त्यांची कोंबडी. ती तेव्हा खुडूक बसलेली. आणि खुडूक कोंबडीवाचून घरटं करायचं कसं?

मैदानात ही गर्दी! गोजरानं मधोमध टोपली ठेवली, तशी लोकं लागली हसायला. कुणी म्हणालं, अहो, रस्सा इथेच करायचा की काय? गोजरानं तिकडे बघितलंच नाही. हातमोजा चढवला, मातीला पाया पडली आणि हात सुरू केला.

थोडा झाला असेल नसेल, तोच रायाजीच्या चेल्यांनी चेष्टेनं टाळ्या वाजवल्या. गोजरा थांबली, जागेवर गेली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. लोकांना गंमत वाटली. अर्धा झाला तर सगळ्या मैदानानं टाळ्या पिटल्या. गोजरा पुन्हा जागेवर. पहिल्यापासून! मग ती मागे आली तेव्हा लोक हसले, खाली बसली तेव्हा हसले, आणि पट्टा खाली करून उभी राहिली तेव्हा तर पोटं धरधरून हसले. तेवढ्यात खुद्द राजानं एक टाळी वाजवली. सावकाश. कुजकटपणानं वाजवतात ना, तशी. गोजरानं राजाकडे बघितलं. घाम पुसला. आणि पुन्हा जागेवर जाऊन तिनं पहिलं पाऊल टाकलं.

"पुरे!" राजा ओरडला. "ए मुली, हे काय लावलंयस? मधे आहे कोण एवढं?"

"कोंबडी हाय जी."

"आणि कोंबडी नसेल तेव्हा?"

"जो असंल तो."

राजाला ते काही कळलं नाही. न कळलं की राजे लोक उदार होतात. तो म्हणाला, "हात तुझा चांगला बसलाय. पण त्यात तीन उड्या घाल. मागे येतेस ती पावलं काढून टाक. आणि ते पट्टा खाली करून उभं राहणं तर काढच, लोकांना वाटतं खेळ संपला. एवढं केलंस तर सोन्याचा तोडा घालीन तुझ्या हातात."

गोजरानं तात्यांकडे बघितलं. तात्या कोंबडीकडे बघत बसले. म्हणजे काय, तर पोरी, तुझं तू बघ.

"महाराज," गोजरा म्हणाली, "उड्या येत्यात मला. गोठ्याच्या छपरावरनं लई मारल्यात. पर ह्या हातात न्हाई घालायच्या. उडी मारली की मधलं उघडं पडतं."

"अगं, मधे कोंबडी आहे!"

"मी बी हुते एकदा."

राजाचं तोंड लाल झालं. सगळ्या मैदानादेखत नाही ऐकायची त्याला सवय कुठे होती! तो ताडकन उठला आणि म्हणाला, "हिची तालीम मोडा. माती उकरा, गाड्या भरभरून इथे आणून टाका. रायाजीला उडी मारायला मऊ होईल." लगेच गाड्या जुंपल्या, कुदळी-फावडी गाड्यांत पडली.

घाटावरची ती लाल माती! तिच्यात तात्यांचे पाय झिजलेले, तिच्यात गोजराची टोपली ठेवलेली. पण रडली का ती? मुळीच नाही. ती दोन पाय रोवून उभी राहिली.

"न्या माती," ती म्हणाली. "मी खडकावर हात करीन. खडक फोडाल तर ओढ्यात गुडघाभर पाण्यात करीन. पर एक उडी वाढवायची न्हाई आन एक पाऊल कमी करायचं न्हाई. तोडा तुमच्यापाशी ठेवा. रायाजीच्या तुऱ्याला बांधा."

शाबास गं माझी बाई! राजाच्या तोंडावर म्हणाली ती हे, भर मैदानात. नाहीतर आपण. शाळेत कुणी डोळे वटारले की लगेच आपलं बरोबर उत्तर खोडून टाकतो. कोण ते मी नाव घेत नाही. विन्या, तू का तोंड लपवतोस?

मग गोजरा टोपली उचलून तात्यांपाशी गेली, आणि राजा म्हणाला, तोंडाची चव गेली माझी. रायाजी, ये! आणि लोकहो, अशा टाळ्या वाजवा की आजवर कुणी ऐकल्या नसतील. रायाजीनं लिंबू कापलं, टाळ्या. कड्यातून उडी, टाळ्या. भिंगरी, टाळ्याच टाळ्या! आभाळ फुटेल असा कडकडाट झाला. आणि टेकडी हलली. जराशी नाही, चांगली गदगदा हलली. मग तिला फुटले दोन डोळे. मग फुटले हात. मग उघडलं तोंड, आणि आत काळोख.

टेकडी कसली ती! टाळीखाई राक्षसीण होती ती. हिला ना भात लागे, ना बकरं लागे. टाळी हेच तिचं अन्न. एक टाळी पडली की ती वाढायची. आणि टाळ्यांनी पोट फुगलं, की मग टाळ्या मारणाऱ्यांनाच गिळायची. फार फार मागे कुणीतरी तिला उपाशी पाडून निजवलं होतं. कुणी आणि कसं, ते सगळे विसरून गेले. तिच्या अंगावर बसून शेंगा खात होते की इतकी वर्षं!

टाळीखाई उठून बसली. राजाचा शेला तिच्या खांद्यावरच होता. ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "वाहवाराजा कुठाय रे? मला एवढं जेवू घातलं त्यानं. आता जेवणावर गोड म्हणून तोच हवा."

राजानं हाक मारली, रायाजी, धाव! आणि रायाजी धावला, बरं का. भित्रा नव्हता तो. पण त्याला जे येत होतं तेच तो करणार. त्यानं उंच उडी मारली आणि वार केला. लोकांचे हात काही ऐकतात? सवयीनं टाळ्या पडल्या. टाळीखाई ताडाएवढी झाली! तो पेटत्या कड्यातून येऊन तिच्यावर झेपावला. पुन्हा टाळ्या. टाळीखाई राजवाड्याच्या शिखराएवढी झाली! मग तो एका पायावर गरगर फिरला आणि थांबून, दोन्ही हात पसरून, लोकांकडे बघायला लागला. समोर राक्षसीण, आणि हा बघतोय लोकांकडे! तिनं त्याला दोन बोटांत उचललं आणि दिलं भिरकावून. पडला तो लिंबांच्या ढिगात. पट्टा वाकडा झाला, तुरा मोडला.

मग कसले लोक आणि कसलं काय! जो तो बाभळींच्या आड पळाला. हुजरे पळाले, हत्तीसुद्धा पळाले. राजा मात्र आपल्याच सिंहासनाखाली अडकून बसला आणि त्याला बाहेर निघता येईना.

गोजरा तिथेच होती. तिनं काय करावं? गाडी जवळ होती. बैल धरून निघून गेली असती तर कुणी बोट दाखवलं नसतं. राग तर तिच्या नाकाच्या शेंड्यावर होता. माती उकरायला निघालेल्या गाड्या तिच्या डोळ्यांसमोर उभ्या होत्या.

"तात्या," ती म्हणाली, "आपली माती न्यायला निघालेला ह्यो."

"व्हय."

"ह्याला मधी घिऊ?"

तात्यांनी काळुंद्रीच्या पाठीवरून हात फिरवला. "मधी कोण बसलंय ते आपण बघायचं नसतं, गोजरे. आपण कडंला हाय का, तेवढं बघायचं."

गोजरानं हातमोजा चढवला. सिंहासनाशी गेली, राजाच्या दंडाला धरून त्याला बाहेर ओढलं आणि मैदानाच्या मधोमध आणलं.

"बसा खाली."

"मातीत?" राजा म्हणाला.

"मातीत. आन ही टोपली मांडीवर घ्या. कोंबडी उठता कामा न्हाई, आन तुमी बी न्हाई."

बसला बिचारा. जरीच्या अंगरख्यासकट मातीत बसला, आणि काळुंद्रीनं त्याच्या अंगठ्याला एक चोच मारून घेतली.

मग गोजरानं घरटं सुरू केलं. सूं सूं. टाळीखाईनं हात लांब केला, राजाला उचलायला. तेव्हा आलं ते पाऊल, मागे यायचं, लोक हसले होते ते! गोजरा राजाला लागून उभी राहिली, पट्टा आडवा फिरला, आणि राक्षसिणीनं बोटं झटकत हात मागे घेतला. मग तिनं केस सोडले. वरून जाळ्यासारखे काळेभोर केस आले. तेव्हा आलं ते खाली बसणं, लोक हसले होते ते! डोक्यावरून पट्टा फिरला, केसांचे झुबके भुईवर पडले. राजाच्या नाकाला वाराही लागला नाही.

मग टाळीखाईनं वेगळाच डाव टाकला. गोड आवाज काढला. "पोरी, काय गं तुझा हात! पण असा कुणाला कळायचा? एकच उडी मार. हे सगळे बाभळीआडून बघतायत. तुला टाळ्या मिळतील, रायाजीला मिळाल्या नाहीत एवढ्या." आणि गोजरा काय करत होती? पट्ट्याचं टोक खाली करून नुसती उभी होती. हसले होते ना सगळ्यांत जास्त, ते! ती हलेना, म्हणून कुणी टाळी वाजवेना. टाळी नाही, म्हणून टाळीखाईला घास नाही. ती थोडीशी आकसली. खांद्यावरचा शेला सैल झाला.

आता सगळं आटपायचं, तेवढ्यात बाभळींमागे लोकांना राहवलं नाही. पोरीनं राक्षसीण थोपवली, म्हणून त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. चांगल्या मनानं हं! पण टाळीखाईला मनाचं काय? ती धडाधड वाढली, पहिल्याहून मोठी झाली.

राजा रडकुंडीला आला. "संपलं गं, संपलं!"

"संपलं न्हाई," गोजरा म्हणाली. "टाळी पडली. पयल्यापासनं."

आणि ती जागेवर गेली. तिथे पहिलं पाऊल टाकता टाकता तिला लख्ख समजलं. टाळी वाजवायची नाही, ती कोंबडीसाठी नव्हे! उडी नाही, गिरकी नाही, बघण्यासारखं काही म्हणता काही नाही, ते येत नव्हतं म्हणून नव्हे. कुणीतरी मुद्दाम वेचून वेचून काढून टाकलं होतं, ह्या बयेच्या तोंडात घास जाऊ नये म्हणून. आणि ज्यांनी काढलं ते नाव न सांगताच निघून गेले होते. गोजराला एकदम त्या सगळ्या न पाहिलेल्या वस्तादांची माया दाटून आली.

"महाराज," ती पट्टा फिरवता फिरवता म्हणाली, "टाळ्या बंद करा. तुमचंच ऐकत्याल ती."

मग वाहवाराजानं, जन्मात पहिल्यांदा, दोन्ही हात वर करून ओरडून सांगितलं, "वाजवू नका! कुणी टाळी वाजवू नका रे! माझ्यासाठी नको, कुणासाठीच नको!"

लोक आपापल्या हातांवर बसले. खरंच, हात खाली घालून वर बसले! सगळं मैदान चिडीचूप. फक्त सूं सूं. टाळीखाई एकेकाला गोंजारायला लागली. शेवटी लिंबांच्या ढिगाकडे वळून म्हणाली, "रायाजी, तू तरी. टाळीची गोडी तुझ्याएवढी कुणाला ठाऊक?" रायाजीनं तिच्याकडे बघितलं, आणि आपले दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं त्याच्या, पण हात सोडले नाहीत. त्यालाही शाबास म्हणा. मनातल्या मनात म्हणा.

मग टाळीखाई आकसली. हत्तीएवढी झाली. मग म्हशीएवढी झाली. मग शेळीएवढी झाली. "वाहवा तरी म्हणा कुणी," असं चिरक्या आवाजात म्हणत म्हणत पाखराएवढी झाली, आणि शेवटी टोक्याएवढी, आपल्या जोंधळ्यात असतो ना तो किडा, तेवढी. शेला तिच्यावर पडला. ती शेल्याखालून तुरुतुरु बाहेर आली, थेट टोपलीकडे. आणि काळुंद्रीनं काय केलं? जागची उठली नाही हं! नुसती मान लांब केली आणि टिपली टुक्‌कन.

गोजरानं हात पुरा केला. शेवटचं पाऊल टाकलं, मातीला पाया पडली. कुणी हूं की चूं केलं नाही. राजाच्या तोंडात 'वाह' आलंच होतं, ते त्यानं कसंबसं गिळलं. त्याची उचकी झाली.

तो उठायला लागला, तर गोजरा म्हणाली, "बसा महाराज. फुटतंय."

काळुंद्रीच्या पोटाखाली एक अंडं टिचलं होतं. मग राजा तसाच बसून राहिला. एक पिल्लू बाहेर आलं, दुसरं आलं, तिसरं आलं. पाय मुंग्यांनी भरून गेले तरी हलला नाही. ऊन कलेपर्यंत मातीत बसून होता तो, आणि त्याच्या अंगरख्यात पिल्लं चिवचिवत होती. कुणी टाळी वाजवत नव्हतं, आणि तरी त्याला बरं वाटत होतं. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

मग तो हळूच म्हणाला, "गोजराबाई, माग काय हवं ते. तोडा घे."

"तोडा नको," गोजरा म्हणाली. "त्या गाड्या उभ्या हायत, त्यात चांगली लाल माती भरा आन वर धाडा. तालमीत पोरं वाढणार हायत. आन दुसरं, दरसाल मैदान भरंल तवा पयला हात घरट्याचा. उड्या मागनं मारा किती बी. आन घरट्याच्या वक्ताला मधी तुमी बसायचं. कोंबडी घिऊन."

"दरवर्षी?"

"दरसाल. न्हाईतर इसराल."

आणि राजा दरवर्षी बसला. गुडघे दुखायचे, काळुंद्री चोच मारायची, तरी बसला. काही लोक जांभया द्यायचे. देईनात का! जांभईनं कुणी मेलं नाही. रायाजी घाटावर आला. त्यानं तुरा काढून खुंटीला अडकवला आणि पहिल्या दिवशी हात करायला लागला, तर कोंबडी उठून अंगणभर पळत सुटली. गोजरानं कोंबडी धरून आणली, टोपलीत बसवली आणि म्हणाली, "पयल्यापासनं." तात्यांनी नाक ओढलं.

मग तालीम पोरांनी भरली, माती दुप्पट झाली, चिमण्या तोफेत नांदल्या. गोजरा सुखात राहिली, तात्या सुखात राहिले, काळुंद्रीची नातवंडं-पतवंडं घाटभर चरत फिरली. तुमच्याही भोवती असाच कुणाचा तरी पट्टा फिरतोय, तुम्हाला दिसत नसला तरी. तेव्हा निजा आता बिनघोर.

अरे! ही टाळी कुणी वाजवली? विन्या? पांघरुणातून हात बाहेर काढ बघू. लबाडा, मुद्दाम वाजवलीस होय? नेम म्हणजे नेम. टाळी पडली, आता गोष्ट पहिल्यापासून. पण मनातल्या मनात हं, आणि डोळे मिटून. चला. राजा होता एक...